शनिवार बैलाचाही असतो

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय.)



तुमच्यातले बरेच जण शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना ऐकतात, हे मला माहीत आहे. म्हणजे आत्ता कोणी घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलच्या जिन्याकडे चाललंय, कोणी अंधेरीच्या पुलावर गर्दीत अडकलंय. आणि फोनवर एक नोटिफिकेशन आलेलं आहे. आठवडाभर राबलात, आता थोडे स्वतःचे लाड करा, आज रात्री बारापर्यंत सूट.

आज त्या लाडांबद्दल बोलायचंय. स्वतःची काळजी घेणं कुठे संपतं आणि नुसती चैन कुठे सुरू होते? आणि देवधर्म मानणाऱ्या माणसाने चैन करावी का? मी हे सगळं माझ्या घरातून सांगणार आहे, कारण माझ्या समाजाचं जुनं नावच सुट्टीवरून पडलंय.

आधी ओळख. माझं आडनाव ऐकलं की लोक विचारतात, "कोकणातले का तुम्ही? गाव कुठलं?" गाव अलिबागच्या बाजूचं. मग नाव ऐकतात आणि गोंधळतात. मी ज्यू आहे. बेने इस्राएल. घरात मराठी, दारावर मेझुझा, भिंतीवर रथात बसलेल्या एलियाहू हन्नाबीचं चित्र, आणि जेवणात नारळाच्या रसातलं पापलेटचं कालवण. कोलंबी नाही, कारण पाण्यातल्या जिवाला पर आणि खवले दोन्ही असतील तरच तो आम्हाला चालतो.

आमची परंपरा सांगते की आमचे पूर्वज समुद्रातून येत होते, नौगावजवळ जहाज फुटलं, आणि सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. पुस्तकं बुडाली, हिब्रू हळूहळू विसरली गेली. कोकणातल्या गावांमध्ये हे लोक तेलाचे घाणे चालवायला लागले. गावाच्या नावाला 'कर' लावून आडनावं झाली: दिवेकर, पेणकर, राजपूरकर. पण एक गोष्ट गावकऱ्यांच्या डोळ्यांत भरायची. हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवतात. म्हणून नाव पडलं शनवार तेली.

जरा विचार करा. ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, बाहेरच्या ज्यू जगाशी संबंध नाही. टिकलं काय? 'शेमा' प्रार्थनेची सुरुवात, मुलांची सुंता, खवल्यांच्या माशाचा नियम, आणि आठवड्याची एक सुट्टी.

मध्य रेल्वेवाल्यांनो, तुम्ही रोज मस्जिद स्टेशनवरून जाता. तिथे जवळच आमचं मुंबईतलं सगळ्यात जुनं प्रार्थनास्थळ आहे. सॅम्युएल एझेकिएल दिवेकर या फौजेतल्या माणसाने ते १७९६ मध्ये बांधलं. आमची जुनी माणसं सिनेगॉगला 'मशीद'च म्हणायची, त्यामुळे हे झालं 'जुनी मशीद', आणि स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. मी मुलुंडला राहतो. आमच्या घरचे जातात ठाण्याच्या १८७९ च्या सिनेगॉगमध्ये, एकच स्टेशन पुढे. १९४८ नंतर बहुतेक लोक इस्राएलला गेले. आता इथे आम्ही काही हजारच उरलोय.

तर, आता मागच्या पावसाळ्यातली गोष्ट.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पेमेंट सिस्टिमवर काम करतो. जून-जुलैमध्ये टीममधले दोघे सोडून गेले आणि ऑन-कॉलचा सगळा भार आम्हा उरलेल्यांवर आला. रात्री दोनला फोन, पहाटे पाचला फोन. डोळ्यांखाली काळं, आईशी बोलताना चिडचिड, पाठीत कळ. सहा आठवड्यांनी एक शनिवार मोकळा मिळाला. मी ठरवलं, हा दिवस फक्त माझा.

मग काय काय केलं? घरी मसाज करायला येणारा माणूस अ‍ॅपवरून बोलावला. बिर्याणी मागवली. आणि आदल्या रात्रीच २७,००० चे हेडफोन घेतले होते, नऊ महिन्यांच्या हप्त्यांवर, महिना ३,०००. स्वतःला सांगितलं, एवढं राबतो, एवढं तर माझं बनतं.

आणखी एक गोष्ट केली, ती तेव्हा लक्षातही आली नाही. आमच्याकडे भांडी-लादीला मावशी येतात. शुक्रवारी त्या म्हणाल्या, "दादा, उद्या नाही आले तर चालेल? गुडघा फार दुखतोय." मी हेडफोनचे रिव्ह्यू वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "मावशी, उद्या नको ना, सहा आठवड्यांनी एकच दिवस सुट्टी मिळालीय. रविवारी नका येऊ." त्या आल्या. भर पावसात, छत्री टेकत.

दुपारी मी पलंगावर पडलो होतो, कानात नवे हेडफोन, पोटात बिर्याणी. आजी खुर्ची ओढून शेजारी बसली. आजीचं वय ८२. तीस वर्षं नर्स होती. मला वाटलं, म्हणेल मीटर वाढलं, एसी बंद कर. तिने विचारलं, "काय रे, शब्बाथ झाला का साजरा?"

मी म्हटलं, "हो ना आजी, एकदम आराम."

"मग बैल कुठे होता?"

मला काही कळेना. ती म्हणाली, "घाणा थांबला की बैलाचं जू उतरतं. तुझ्या घाण्याचा बैल आज स्वयंपाकघरात लंगडत होता, मी बघत होते." एवढं बोलून ती उठून गेली.

आजचा सगळा भाग या एका वाक्यावर आहे.

मला आधी राग आला. वाटलं, ही मला अपराधी वाटायला लावतेय. आपल्याकडे अध्यात्म म्हटलं की त्याग, उपास, अंगाला कष्ट, असंच डोक्यात असतं ना? मला वाटलं, आजीला मी चैन केल्याचंच दुःख आहे. म्हणून मी वाचायला लागलो. तर निघालं भलतंच. आमचा धर्म चैनीच्या विरोधात नाहीच. उलट शब्बाथला चैन करणं कर्तव्य आहे.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत दिवा लागतो. आमच्या जुन्या घरांमध्ये काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल आणि वात. मग काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश. चांगले कपडे, चांगलं जेवण, आणि तेही एकदा नाही, शनिवार संपेपर्यंत तीनदा. एरवीचे बहुतेक उपास शब्बाथला येऊ लागले तर पुढे-मागे ढकलतात. फक्त योम किप्पुर तेवढा सुटत नाही. यशया संदेष्ट्याने या दिवसाला 'आनंद' म्हटलंय. हिब्रूत शब्द आहे 'ओनेग'.

अजून ऐका. प्राचीन काळी कोणी नाझीर व्हायचं व्रत घेई: मद्य नाही, केस कापायचे नाहीत. व्रत पूर्ण झालं की त्याला मंदिरात पापाचं अर्पण द्यावं लागे. पाप कसलं? तालमूदमधले एक रब्बी म्हणतात, स्वतःला द्राक्षरसापासून तोडलं, हेच पाप. हिल्लेल नावाचे थोर गुरू होते, त्यांची गोष्ट अशी की शिष्यांनी विचारलं, कुठे निघालात? ते म्हणाले, पुण्यकर्म करायला, म्हणजे न्हाणीघरात आंघोळीला. त्यांचा मुद्दा असा की राजाचे पुतळे धुणाऱ्याला मान मिळतो, मग देवाने आपल्या प्रतिमेत घडवलेलं हे शरीर धुणं हे पुण्य नाही का?

आणि माझी आवडती गोष्ट जेरुसलेमच्या तालमूदमधली. तिथे म्हटलंय की डोळ्यांना दिसलेलं, खायला परवानगी असलेलं जे जे माणसाने खाल्लं नाही, त्याचा हिशोब त्याला द्यावा लागेल. हे ऐकून एक रब्बी चिल्लर साठवू लागले, वर्षात येणारं प्रत्येक नवं फळ एकदा तरी चाखता यावं म्हणून. आपल्या भाषेत सांगायचं तर गरीब माणूस, पण पहिला हापूस चुकवायचा नाही.

मी तर खूश झालो. म्हटलं, आजीला दाखवतो. बिर्याणी, मसाज, हेडफोन, सगळं ग्रंथात बसतंय!

पण त्याच परंपरेत ब्रेकही आहे. तेराव्या शतकात नाखमानिदीस नावाचे मोठे भाष्यकार झाले, त्यांना रामबान म्हणतात. ते विचारतात, एखादा माणूस सगळं नियमात बसवून करतो. मांस कोशेर, मद्य कोशेर. पण खातो अधाशासारखं, पितो ढोसून. त्याने नियम मोडला का? नाही. मग तो सज्जन झाला का? तेही नाही. तो परवानगी घेतलेला हलकट आहे. ही समजूत मला नीट कळते, कारण आमच्या कोडमध्ये हेच होतं. सगळ्या टेस्ट पास, आणि तरी प्रॉडक्ट वाईट.

त्यांच्या आधी, बाराव्या शतकात, रामबाम होते, म्हणजे मैमोनिडीस. एका अक्षराचा फरक, मीही गोंधळतो. ते धर्मशास्त्री आणि वैद्यही होते. अंगाला उगाच कष्ट देणाऱ्यांना ते चुकीचे ठरवतात. पण सणाच्या जेवणाबद्दल बोलताना ते असंही म्हणतात की जो दाराला कडी घालून फक्त बायकापोरांबरोबर खातो-पितो आणि गरिबाला, दुःखी माणसाला वाढत नाही, त्याचा आनंद हा सणाचा आनंद नाही, तो त्याच्या पोटाचा आनंद आहे.

दाराला कडी. मंडळी, माझ्या कानात तर नॉइज कॅन्सलेशन होतं.

मग दहा आज्ञा पुन्हा वाचल्या. त्या तोरामध्ये दोनदा येतात. 'निर्गम'मध्ये शब्बाथचं कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद'मध्ये कारण वेगळं आहे: तुम्ही मिसरमध्ये गुलाम होता, हे आठवा. आणि विसावा कोणाला द्यायचा, त्याची यादीच आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, दाराशी आलेला परका. का? तर तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा म्हणून. आजीचा बैल इथला आहे.

म्हणजे हिशोब असा आहे. गुलामाला सुट्टी नसते. सुट्टी हे स्वतंत्र माणसाचं लक्षण. पण मी सुट्टी घ्यावी म्हणून दुसऱ्याची सुट्टी गेली, तर मिसर संपलेलं नाही. मी फक्त गुलामाच्या जागेवरून मालकाच्या जागेवर जाऊन बसलोय.

आता त्या शनवार तेल्याकडे परत बघा. तेली म्हणजे गावातला काही मोठा माणूस नव्हे. त्याला कोणी पगारी रजा देत नव्हतं. शनिवारी बाजार चालू, गिऱ्हाईक दाराशी, आणि याचा घाणा बंद. वर्षाला ५२ दिवस. कमाईचा सातवा हिस्सा सोडून दिलेला. शब्बाथला मना असलेल्या कामांचे ३९ प्रकार आहेत, आणि पिळून तेल काढणं त्यातल्या मळणीच्या प्रकारात मोडतं. ही बारीक चर्चा त्या तेल्याला ठाऊक असायचं कारणच नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की आज जू खाली.

आणि तो सोमवारी जास्त तेल निघावं म्हणून थांबत नव्हता. आपली सेल्फ-केअर बऱ्याचदा तशी असते. नीट झोपा, म्हणजे काम चांगलं होईल. ध्यान करा, म्हणजे फोकस वाढेल. म्हणजे विश्रांतीसुद्धा कंपनीच्याच खात्यात. शब्बाथमध्ये उलट आहे. सहा दिवस सातव्यासाठी आहेत.

आमच्या समाजाला मी डोक्यावर घेऊन नाचत नाहीये. आमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता, लग्नं होत नव्हती. शनिवार पाळणारे लोकही दाराला कडी घालू शकतात. मी तर घातलीच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमचं काम शनिवारी थांबत नाही. माझंही नाही. आमच्या घरातले लोक रेल्वेत होते, पोस्टात होते, शनिवारी कामावर जात होते. आजी तर नर्स. तिला मी विचारलं, "तू शनिवारी ड्यूटी करायचीस ना?" ती म्हणाली, "जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला ठेवायचाच असतो, तो नियमच आहे." मग हसून म्हणाली, "तुझ्या कंपनीत कोणाचा जीव जातो रे?" कोणाचा नाही. कोणाचं तरी रिचार्ज अडकतं.

मग मी काय केलं, ते सांगतो.

टीममधल्या एका मित्राशी अदलाबदल केली. दिवाळी आणि गणपतीचं ऑन-कॉल माझ्याकडे, त्या बदल्यात महिन्याचे दोन शनिवार तो बघतो. त्या दोन शनिवारी फोन ड्रॉवरमध्ये. शुक्रवारी दिवा लागल्यापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत. मुलुंडच्या पावसात तारे दिसत नाहीत, कॅलेंडरवरची वेळ बघून ठेवतो.

आणि मावशींना सांगितलं, शनिवारी यायचं नाही, पगार कापणार नाही. भांडी मी घासतो. ग्रंथाप्रमाणे भांडी ताऱ्यांनंतर घासायला हवीत, आणि तेव्हा बिर्याणीचं पातेलं किती कडक होतं, ते मला आता कळलंय.

मी स्वतःवर फार खूश होतो. तीन आठवड्यांनी शनिवारी संध्याकाळी खाली उतरलो, तर मावशी समोरच्या बिल्डिंगमधून बाहेर येत होत्या. हातात पिशवी, तोच लंगडा पाय. शनिवारचं दुसरं घर धरलं होतं त्यांनी. मला बघून ओशाळल्या. म्हणाल्या, "दादा, रागावू नका. मुलीच्या क्लासची फी भरायची आहे."

मी घरी येऊन आजीला सांगितलं. जरा तक्रारीच्याच सुरात. मी सुट्टी दिली आणि यांनी दुसरं काम घेतलं! आजीने विचारलं, "पगार किती देता तिला आपण?"

३,००० रुपये. महिन्याचे.

हेडफोनचा हप्ता किती होता, ते तुम्हाला आठवत असेल. मलाही आठवलं. माझ्या कानांचे आणि त्यांच्या हातांचे महिन्याचे पैसे सारखेच होते.

त्या रात्री मला कळलं की नुसतं जू उतरवून बैलाचं पोट भरत नाही. सुट्टी देणं सोपं आहे, सुट्टी परवडेल असं करणं अवघड. आई-बाबांशी बोललो, पगार वाढवला, गुडघ्याच्या डॉक्टरचं बिल मी भरलं. मजल्यावरच्या दोन घरांशीही बोललो. एका घराने लगेच पगार वाढवला. दुसऱ्या घरच्या काकूंनी ऐकवलं, "तुम्ही लोक सवयी बिघडवता." आता मावशी महिन्यातले दोन शनिवार घरी असतात. उरलेले दोन अजूनही कामाला जातात. म्हणजे अर्धं झालंय. पूर्ण झालं असं मी म्हणणार नाही.

हेडफोन विकले का? नाही. छान आहेत, हा भाग त्यांच्यावरच एडिट केलाय. कधीतरी बिर्याणीही येते. आजी सगळ्यात आधी लेगपीस उचलते. चैन वाईट आहे असं आजी एकदाही म्हणाली नाही. ती फक्त विचारते.

तर जाता जाता, काहीतरी विकत घेण्याआधी मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो, त्या तुम्हालाही देऊन जातो. कोणताही धर्म असो, नसो, चालतील.

पहिली, मी क्षणभर थांबलो का? आमच्यात फळ खाण्याआधीही एक छोटी बराखा, म्हणजे आशीर्वाद म्हणतात. पाच सेकंद लागतात. पाच सेकंद थांबून आभार मानता आले, तर ती वस्तू बहुतेक खरंच हवी असते. रात्री पावणेबाराला सूट संपतेय म्हणून घेतलेल्या वस्तूवर बराखा जमत नाही, मी करून बघितलंय.

दुसरी, याला शेवट आहे का? शब्बाथ संपतो. लवंगेचा वास घेतात, मेणबत्ती लावतात, आणि आठवडा सुरू. आनंदाला सुरुवात आणि शेवट असला की तो आनंद राहतो. स्क्रोलिंगला शेवट नाही. नऊ महिन्यांच्या हप्त्याला आहे, पण तोवर पुढची सूट आलेली असते.

आणि तिसरी आजीची. बैल कुठे आहे? मी आराम करताना कोण उभं आहे? रविवारी पावसात पार्सल घेऊन आलेला मुलगा, गेटवरचे वॉचमन काका, ओट्यापाशी उभी असलेली आई. सगळ्यांची सुट्टी आपण करू शकत नाही. पण निदान एकाचं जू आपल्या हातात असतं.

आज शुक्रवार आहे. सूर्य मावळायला थोडाच वेळ आहे, आजीने वात भिजत घातलीय, मला घरी पोचायचंय. ऐकून झाल्यावर फोन तासभर बाजूला ठेवलात तर माझे डाउनलोड कमी होतील, पण चालेल.

काळजी घ्या. शब्बाथ शालोम. भेटू पुढच्या भागात.